पिळणबाई दोरावर आहे

७ जानेवारी

पहिला खंड संपला एकदाचा! कागद महाग झालाय म्हणतात, पण या लेखकाला ते कुणी कळवलेलं दिसत नाही. नावं अशी की म्हणताना कवळी बाहेर यावी — एल्झारियन, थ्वॉर्क, व्हेस्प्रालीन. एका घोड्याचं नाव तर दीड ओळीचं. हाक पुरी होईपर्यंत घोडा पुढच्या राज्यात.

‘उलट्या समुद्राची गाथा’. सात खंड. हे वेड ह्यांचं, माझं नव्हे. इथे स्पष्ट लिहून ठेवते.

मी पहिल्यापासून वाचतेय ती फक्त पिळणबाईसाठी — मधूनच उघडलं तर धागा सापडत नाही. पिळणबाई म्हणजे त्या गाथेतली राजवाड्याचे कपडे धुणारी बाई. हे गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी ती दोरावर होती. खाली जमीन, वर समुद्र, मध्ये ती, पाठीला ओल्या कपड्यांचं गाठोडं. मला वाचून दाखवता दाखवता ह्यांनी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, “राहिलेलं उद्या.” दुसऱ्या दिवशी किल्ल्यांच्या टपरीवरच — ते पुन्हा लिहीत नाही.

तेव्हापासून ती बाई लटकलेली आहे. वर पोचली की खाली पडली ते मला कळायलाच हवं. माणसाला असं अर्ध्यावर टांगून ठेवतात का?

८ जानेवारी

लॉन्ड्रीत जेवणाच्या सुट्टीत दुसरा खंड काढला. मालक म्हणाले, “काय बाई, परीक्षा आहे का कसली?” म्हटलं, “हो. तुमची. सबंध खंड संपेपर्यंत गप्प बसायचं.” नापास झाले. लगेच विचारतात, “प्रेमकथा आहे का?”

१२ जानेवारी

समुद्र वर, आभाळाच्या जागी. बरं. मानलं. भरती आली की तो खाली उतरतो आणि लोक घरात वाकून चालतात. ओहोटी झाली की पुन्हा वर. मधूनमधून मासे पडतात. जहाजं उलटी चालतात, खलाशी पायांनी बांधलेले. हेही मानलं! रोज इतक्या गोष्टी मानते, ह्याने काय जातंय.

पण अख्ख्या राज्यात एकही माणूस भांडं घासत नाही. तलवारीला नाव आहे, आजोबा-पणजोबा आहेत. स्वयंपाकिणीला नाव नाही. ती ‘एक स्थूल स्त्री’. अरे, तिच्या हातचं खाऊनच तुझा एल्झारियन तलवार उचलतोय ना?

तिसरा खंड चालू होता तेव्हा मी ह्यांना हेच विचारलं होतं — डोक्यावर समुद्र, रोज गळतोय, मग ह्या लोकांचे कपडे वाळतात कुठे? हे म्हणाले, “लेखकाला पत्र टाक.” आणि पुढे चौथ्या खंडात पिळणबाई आली! हातात मुसळाएवढं धोपटणं, जिभेला हाड नाही. पहिल्याच प्रसंगात युवराजाला म्हणाली, “मोती मिरवतोस, पण सदऱ्याची कॉलर बघ.” मी सुई टाकून हसले होते.

लेखकाने जणू माझंच ऐकलं. तेवढ्यासाठी त्याला थोडे मार्क.

१३ जानेवारी

मुलीचा फोन. “आई, हलकंफुलकं वाच ना काहीतरी. ते सगळं अंधारं-अंधारं असतं.” म्हटलं, अंधार त्यात नाही, त्यात शेवाळ आहे. प्रत्येक पानावर शेवाळ. राजकन्येच्या केसांतसुद्धा. तिला ते शोभून दिसतं म्हणे.

१९ जानेवारी

हे मला वाचून दाखवायचे याचं लोकांना नवल वाटतं. “तुम्हाला वाचता येतं ना?” येतं की! शाळा दुसरीत सुटली, पण दुकानांच्या पाट्यांवर, पुड्यांच्या कागदांवर आणि लॉन्ड्रीत आलेल्या कपड्यांच्या लेबलांवर शिकले. ‘उलटून इस्त्री करावी’ हे मी वाचलेलं पहिलं पूर्ण वाक्य. जोडाक्षर आलं की अजून पायरी चुकल्यासारखं होतं, पण पडत नाही.

वाचता येत होतं, हात रिकामे नव्हते. संध्याकाळी घरी आणलेलं काम असायचं — पँटचे पाय आखूड करणं, चेन बदलणं, कोटाचं अस्तर. माझी मान खाली, नजर सुईवर. हे समोर खुर्चीत, मांडीवर पुस्तक. बोट ओलं करून पान उलटायचे, मी म्हणायचे, “लायब्ररीचं पुस्तक आहे, चाटू नका.” पाऊण तास वाचायचे. त्यातली पंधरा मिनिटं मी लेखकाला शिव्या द्यायचे.

आता संध्याकाळी फक्त शिलाई मशीनचा आवाज. मशीन ऐकून घेतं, पण परत काही बोलत नाही.

२३ जानेवारी

एक गोष्ट चांगली आहे. या खंडात ह्यांचा आवाज आहे.

वाक्य वाचायला लागलं की पुढचं ह्यांच्याच आवाजात येतं, शब्दाला शब्द. ‘आणि तेव्हा थ्वॉर्कने आपला तिसरा डोळा काढून टेबलावर ठेवला’ — इथे हे थांबायचे, चष्म्यावरून माझ्याकडे बघायचे. मी म्हणायचे, “बशीत तरी ठेवायचा.” आज त्या वाक्याशी मीही थांबले. बशीचं म्हटलं. मग पुढे वाचलं.

मूर्ख पुस्तक आहे. पण पुढे जावंसं वाटतं.

२ फेब्रुवारी

तिसरा खंड. राजकन्या व्हेस्प्रालीन अडीचशे पानं रडते आहे. तिच्या अश्रूंचं मीठ होतं आणि त्या मिठाने गावं वसतात. तीन गावं वसली. तिला एकदा कांदा चिरायला बसवा, शहर होईल.

लेखकाचा फोटो पुस्तकाच्या पाठीमागे आहे. हनुवटीखाली हात. स्वतःच्या डोक्याचं ओझं स्वतःलाच पेलवत नाही असा चेहरा. स्वेटरची वीण कोपराशी उसवलेली आहे. समुद्र उलटा करायला जमतो, एक टाका घालायला जमत नाही.

९ फेब्रुवारी

उद्या चौथा खंड आणायचा. पिळणबाई!! लॉन्ड्रीत दिवसभर उगाच खूश होते. एका गिऱ्हाइकाने वर्षभर कपाटात कुजवलेला कोट आणला, तरी त्याला काही बोलले नाही. मालक घाबरले. “बाई, बरं वाटत नाही का?”

१४ फेब्रुवारी

चौथा अर्धा झाला. पिळणबाई नाही.

येईल. पण हा खंड कुणी लिहिलाय? भलतंच चाललंय. ह्यांनी वाचलं त्यात युवराज कॉलरच्या भानगडीत पार हसं होऊन बसला होता. इथे तो शंख फुंकत युद्धाला निघालाय. कुठलं युद्ध? ह्यांनी मला युद्ध वाचलेलंच आठवत नाही. थ्वॉर्कने आपले कपडे धुवायला टाकले आणि खिशात चौथा डोळा विसरला, तो पिळणबाईला सापडला, तिने त्याला तो डोळा वटारून दाखवला — तो प्रसंग कुठाय? माझ्या आयुष्यात मी कशाला इतकी हसले नसेन.

आवाजही येत नाही. वाक्यं परक्यासारखी बसलीत समोर.

१८ फेब्रुवारी

चौथा संपला. ती नाही.

मी सरळ लायब्ररीत गेले. ग्रंथपालबाईंना म्हटलं, “यात पानं कमी आहेत.” त्यांनी खंड उलटसुलट बघितला. “मावशी, पानं पूर्ण आहेत.” म्हटलं, “मग माणसं कमी आहेत.” कोण कमी आहे विचारलं. सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला. त्यांनीही सातही खंड वाचलेत म्हणे. पिळणबाई आठवत नाही.

दुसरी आवृत्ती असेल. जुन्या आवृत्तीत असेल, नव्यात काढली असेल. काढणारच! कपडे धुणारी ती, तिला कोण ठेवतो? तो घोडा दीड ओळीच्या नावासकट राहिला.

त्या म्हणाल्या, “शनिवारी या. गाथेवर चर्चा करणारी मुलं जमतात. त्यांना स्वल्पविरामसुद्धा पाठ आहेत.”

२१ फेब्रुवारी

गेले. पाच-सहा जण. एक दाढीवाला, त्याच्या शर्टावर तो दीड ओळीच्या नावाचा घोडा छापलेला. एक मुलगी, केस निळे. मी आत गेले तेव्हा वाद पेटला होता — उलट्या समुद्रातलं पाणी खाली का पडत नाही? दाढीवाला म्हणाला, “ते दुसऱ्या परिशिष्टात आहे.” मी म्हटलं, “पडत नाही कारण पडलं तर तिसऱ्याच पानाला सगळे बुडतील आणि सहा खंड विकायचे राहतील.”

निळे केस फसकन हसली.

मग पिळणबाईचं विचारलं. दाढीवाल्याने डोळे मिटले, मनातल्या मनात सातही खंड चाळले असावेत. “नाही. अशी व्यक्तिरेखा नाही.”

“आहे. धोपटणं घेऊन फिरते.”

“काकू, गाथेत एकूण चारशे बारा पात्रं आहेत. मी कोश केलाय.”

“मग चारशे तेरावी लिहून घे.”

“कुठल्या वंशातली?”

“कष्टकरी!”

“नाही हो, म्हणजे शंखवंश की शिंपलवंश?”

म्हटलं, “बाबा रे, ती सगळ्या वंशांची अंतर्वस्त्रं धुते. तिला वंश विचारू नकोस, ती तुझा सांगेल.”

निळे केस टेबलावर डोकं ठेवून हसत होती. दाढीवाला कानापर्यंत लाल झाला, पण मुलगा सरळ आहे. चहा आला तेव्हा आधी मला दिला. म्हणाला, “पाचव्यात बघा. पाचव्यात कनिष्ठ वर्गाचं थोडं येतं.”

कनिष्ठ वर्गाचं थोडं येतं! काय पण मेहेरबानी.

२६ फेब्रुवारी

पाचव्यात ‘कनिष्ठ वर्ग’ आला. एक मोळीवाला. दोन वाक्यं बोलला, मेला.

ह्यांच्या मांडीवर शेवटी हाच खंड होता. हीच प्रत, ग्रंथपालबाईंनी सांगितलं. आता मी प्रत्येक पान हळू वाचते. दोराचा प्रसंग यातच असायला हवा. ओहोटी लांबली, समुद्र उंच गेला, तरी गळायचा थांबेना. वाळत घातलेलं सगळं पुन्हा भिजलं. पिळणबाईचं डोकं फिरलं. म्हणाली, “याला वर जाऊनच जाब विचारते.” जहाजाच्या नांगराचा दोर खाली लोंबत होता, तो तिने पकडला. राजा म्हणाला, शूर योद्धे तिथे पोचू शकले नाहीत. ती म्हणाली, “त्यांना पोचून काय धुवायचं होतं?”

मी तेव्हा ह्यांना म्हणाले, “दोर तुटला ना, तर बघा. उद्यापासून पुस्तक बंद.” हे म्हणाले, “माझ्या हातात आहे का ते?”

५ मार्च

मुलीला सांगितलं. तिने फोनवरच इंटरनेटवर शोधलं. “आई, असं कुणी दाखवतच नाही. बाबांनी दुसऱ्या पुस्तकातलं वाचलं असेल.” म्हटलं, इंटरनेटला काय कळतं, ते वाचायला बसलं होतं का आमच्याबरोबर? ती म्हणाली, “आई, तू जेवलीस का?”

मला कळतं. माझा तोल गेलाय असं तिला वाटतं. पण मी वेडी नाही. वेडा तो लेखक. मला फक्त एका बाईचं काय झालं ते हवंय.

१७ मार्च

सहावा. दोनशे पानांत सगळे एका बोगद्यातून चाललेत. मीही चाललेय. पुढे काय आहे हे त्यांनाही माहीत नाही, मलाही नाही, आणि माझी खात्री आहे की लेखकालाही नाही. फरक इतकाच की त्याला पैसे मिळाले.

३० मार्च

सातवा संपला. गाथा संपली. समुद्र सुलटा झाला. कसा? एल्झारियनने ‘त्याला क्षमा केली’. बस! सात खंड माणसं मारली आणि शेवटी समुद्राला क्षमा. मग तो स्वतः भरती झाला. राजकन्या मोती झाली. थ्वॉर्कचे सगळे डोळे एकदम मिटले. माझेही मिटत होते.

पिळणबाई कुठेच नाही. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत नाही. दोर नाही, धोपटणं नाही, कॉलर नाही.

म्हणजे ह्यांनी थापा मारल्या. चौथ्यापासून पुढे सगळ्या! मला शेंडी लावली. समोर पुस्तक धरून, बोट ओलं करून, पानं उलटून! आणि मी मान खाली घालून टाके घालत होते, आणि लेखकाला मार्क देत होते.

इतका राग बऱ्याच महिन्यांत आला नव्हता. ह्यांचा फोटो भिंतीवर आहे, त्याच्याकडे पाठ करून बसले.

३१ मार्च

राग तसाच आहे. आणि त्याहून वाईट हे — ती बाई ह्यांच्याच डोक्यात होती, तर पुढे काय होणार होतं ते आता कुठल्याच पुस्तकात नाही. कुठूनही आणता येणार नाही. लायब्ररीतून नाही, कुठून नाही.

लटकलीय ती. कायमची.

४ एप्रिल

ह्यांच्या टपरीशेजारी चष्मेवाल्याचं दुकान. वीस-पंचवीस वर्षं दोघे शेजारी. आज तो लॉन्ड्रीत जाकीट घेऊन आला, खिसा फाटलेला. मी खिसा बघता बघता बोलून गेले — “तुमचे मित्र किती थापाडे होते माहितेय का? चांगलं छापलेलं पुस्तक समोर धरून मनचं सांगायचे मला!”

मला वाटलं, हसेल. एरवी कशालाही हसतो. पण तो काउंटरवरच्या पिना एकेक करून डबीत टाकायला लागला.

म्हणाला, “वहिनी, तो वाचू शकत नव्हता.”

“कोण?”

“त्याच्या डोळ्यांच्या मधोमध डाग आला होता. दोन्ही डोळ्यांत. मी लक्षात आणून दिलं, मीच मोठ्या डॉक्टरकडे नेलं. त्यावर चष्मा नाही, औषध नाही म्हणाले. चालताफिरता यायचं. किल्ल्या बोटांनी चाचपून करायचा, त्याचं अडत नव्हतं. फक्त अक्षरं गेली. तुमचं ते तिसरं पुस्तक कसंबसं संपवलं त्याने. शेवटची दोन वर्षं काहीच नाही.”

प्रेस चालू होता. वाफेचा आवाज फार मोठा येतो, मला कधी जाणवलं नव्हतं.

मी म्हटलं, “मला का नाही सांगितलं?”

“मी म्हटलं त्याला, सांगून टाक. किती वेळा म्हटलं! तर म्हणायचा, सांगितलं की ती सुई खाली ठेवून माझी काळजी करत बसेल. आत्ता कशी समुद्राला शिव्या देते. ते ऐकायला बरं वाटतं.” मग म्हणाला, “सकाळी टपरी उघडली की मला सांगत बसायचा, आज अमुक करतो, तमुक करतो. त्या धुणाऱ्या बाईपायी गिऱ्हाईक ताटकळायचं.”

मी विचारलं. कसं विचारलं गेलं मला माहीत नाही. “ती वर पोचणार होती का?”

“ठरलं नव्हतं. गेला त्या दिवशी सकाळी म्हणाला — अजून दोन दिवस लटकू दे. ही चिडली की मजा येते.”

मी खिशाला अस्तर लावलं. दुहेरी शिवण घातली. पैसे घेतले नाहीत. त्याने ठेवले, मी परत केले, त्याने ठेवले, मालकांनी घेतले.

५ एप्रिल

दोन दिवस लटकू दे म्हणे!

आज फोटोसमोर बसले आणि जे काय बोलायचं ते बोलून घेतलं. बरंच बोलले. दोन वर्षं? दोन वर्षं माणूस आपल्यासमोर बसून कोरी पानं उलटतो? आणि कसली ती बाई! तिची जीभ माझी. तिचे टोमणे माझे, मीच आदल्या दिवशी मारलेले, दुसऱ्या दिवशी तिच्या तोंडी. वर मी म्हणायचे, “ही बाई मला पटते.” पटेल नाही तर काय!

बोलून दमले तेव्हा हसू आलं. एकटीच हसत होते. वरच्या मजल्यावरच्या बाईने दार वाजवून विचारलं, सगळं ठीक ना. म्हटलं, नवऱ्याशी भांडतेय. ती गेली. पटकन गेली.

११ एप्रिल

सातवा खंड परत करायचा होता म्हणून शनिवारीच गेले. मंडळ बसलेलंच. दाढीवाल्याने उठून खुर्ची दिली. “सापडली का?”

“सापडली. पुस्तकात नव्हती.”

मला वाटलं तो कोश काढून बसेल. नाही काढला. निळे केस म्हणाली, “मावशी, कशी होती ती? सांगा ना.”

सांगायला लागले. आधी अवघडल्यासारखं झालं — हात रिकामे होते, काय करायचं त्यांचं कळेना. त्या मुलीच्या जाकिटाचं बटण लोंबत होतं. म्हटलं, आण इकडे. पर्समध्ये सुईदोरा असतोच. मग जमलं. कॉलरचं सांगितलं, खिशातल्या डोळ्याचं सांगितलं. दाढीवाला मध्येच म्हणाला, “पण थ्वॉर्कला तीनच डोळे आहेत.” निळे केस म्हणाली, “तू गप रे!” ग्रंथपालबाई पुस्तकं लावता लावता हातात एक पुस्तक घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

दोरापर्यंत आले. थांबले.

“मग?” दाढीवाला. तोच! ज्याला सगळं पाठ आहे तो.

मी म्हटलं, “दोर ओला आहे. हात घसरतायत. पाठीला गाठोडं. वरचा समुद्र म्हणतो, ‘इथवर कुणी आलेलं नाही.’ ती म्हणते, ‘बोलू नकोस, गळतोयस.’ आणि एक हात वर टाकते.”

हे ह्यांनी सांगितलं नव्हतं. तोंडातून निघालं. बटण लावून झालं होतं, दोरा दातांनी तोडला आणि उठले.

१६ एप्रिल

चष्मेवाल्याकडे गेले. माझ्या चष्म्याची काडी सैल झालीय म्हटलं. सैल नव्हती. त्याने तरी घट्ट केली.

मग विचारलं — अक्षरं जाऊ देत. माझा चेहरा दिसायचा का ह्यांना?

म्हणाला, “समोर बघून नाही, वहिनी. सरळ बघितलं की समोरचं माणूस त्या डागात जातं. जरा बाजूला नजर ठेवली की कडेने दिसतं. तुम्हाला बघायचं असलं की तो तुमच्या बाजूला बघायचा.”

बाजूला कपाट होतं. मी ओरडायचे, “बोलताना त्या कपाटाकडे काय बघता? माझ्याकडे बघा!” रोज. आणि हे लगेच मान वळवायचे, आणि सरळ माझ्याकडे बघायचे.